महामारीचा मनावर झालेला आघात मोजता येतो का?

तुम्ही विचारलंय, कोरोनाचा मनावर झालेला आघात खरंच आकड्यांत मोजता येतो की ही सर्वेक्षणं नुसती थाप आहे?

थाप नाही. पण आकड्याआधी प्रश्न काय विचारला होता ते बघा. २०२२ मध्ये एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी दापोली तालुक्यात घरोघरी फॉर्म भरून घेत फिरले, तिथे हे शिकले.

माझ्याकडे 'इम्पॅक्ट ऑफ इव्हेंट स्केल'ची सुधारित प्रश्नावली होती. २२ विधानं. गेल्या सात दिवसांत प्रत्येकाचा किती त्रास झाला, त्याला ० ते ४ गुण. जास्तीत जास्त ८८. प्रसंग नको असताना आठवणं, आठवण टाळणं आणि सतत दचकणं, अशा तीन बाजू त्यात तपासतात. ३३च्या आसपास गेलं की नीट तपासणी करावी, एवढाच अर्थ. ते निदान नव्हे, पण बातम्यांत तसंच छापतात. (स्वतःसाठी विचारत असाल तर फॉर्म सोडा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.)

घोळ पहिल्याच ओळीत होता. प्रश्नावलीला एक, घडून गेलेली घटना लागते. इथे मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि ३ जूनला निसर्ग वादळाने नारळी-पोफळी आडव्या केल्या. 'त्या घटनेबद्दल' म्हटलं की लोक विचारायचे, "कुठली गो? वादळाची?" शिवाय घराबाहेर न पडणं हा तेव्हा सरकारी हुकूम होता; 'टाळणं' कुठे संपतं नि नियम पाळणं कुठे सुरू होतं?

एका आजींचे यजमान मुंबईत हॉस्पिटलातच गेले. शेवटचं तोंड त्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळता का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "नाय गो बाय, तसलं काय नाय." मी शून्य लिहिलं. तेवढ्यात कुठूनतरी बारीक रिंग ऐकू आली. आजी हलल्या नाहीत. सून स्वयंपाकघरात गेली, तांदळाचा डबा उघडला आणि आतून मोबाइल काढून बोलू लागली. "तिथंच ठेवतात," जाताना तिने हळूच सांगितलं, "आवाज कमी येतो म्हणून."

उत्तर बदलायची मला मुभा नव्हती. आजींची बेरीज ११ झाली.