वाचक विचारतात: दहावीचं वर्ष अन् कापसाचा हंगाम

प्रश्न: मास्तर, राम राम. माही पोरगी यंदा दहावीत गेली. शाळा गावापासून नऊ किलोमीटर, मानव विकासच्या निळ्या बसनं जाते, घरी याले सहा वाजते. गणिताचे सर बदलून गेले, दुसरे अजून आले नाही. चार एकर वावर हाय, अडीच एकरात पराटी (कापूस), बाकी सोयाबीन अन् तूर. दिवाळीपासून वेचणीले मजूर भेटत नाही तं पोरीलेही वावरात याच लागते, खोटं काहून सांगू. कोणता विषय कधी घ्याचा, सगळे सारखेच घ्याचे का, मले काही समजत नाही, मी स्वतः नववी नापास. वर्षाचं कागदावर मांडून द्या. तिच्या नववीच्या गणिताच्या पेपरचा फोटो सोबत पाठवतो.
— एक बाप, यवतमाळ जिल्हा

उत्तर: भाऊ, राम राम. वेचणीचं खरं लिहिलं ते फार बरं केलं, कारण मोबाईलवर फिरणारं जे ते टाइमटेबल असं धरून चालते की दिवाळीनंतर लेकरू रोज पाच तास टेबलाशी बसणार, अन् आपल्याकडं दिवाळीनंतर टेबल कुठं असते, तिथं कापसाचा ढीग असतो. त्यामुळं तुमच्या घरचं वर्ष मी जून ते मार्च धरतच नाही. शाळा उघडल्यापासून दिवाळीपर्यंत एक वर्ष, दिवाळीनंतर उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापूस संपेपर्यंत, दुसरं, दोन्हीचं काम वेगळं.

आधी दिवस मोजा. उन्हापायी आपल्या विदर्भातली शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, 2025 साली तिकडं 16 जूनला घंटा वाजली, आपल्याकडं 23 ला. परीक्षेला मात्र अशी काही सूट नाही, 2025 ची दहावीची लेखी परीक्षा सगळ्या राज्यात 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली आणि तोंडी-प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी झाली. म्हणजे "मार्चला पेपर आहे" ही आपल्या वेळची गोष्ट डोक्यातून काढून टाका. हाती येतात साधारण चौतीस हप्ते, त्यातून दिवाळीच्या सुट्ट्या, गॅदरिंग, जानेवारीतली पूर्वपरीक्षा गेली की पंचवीसेक उरतात. आणि धडे किती? बीजगणिताचे 6, भूमितीचे 7, विज्ञानाच्या दोन भागांचे 10 अन् 10. भाषा आणि समाजशास्त्र अजून मोजलेच नाही.

आता तो पेपर. मी दोनदा पाहिला. x² − 7x + 12 चे अवयव पोरीनं (x + 3)(x + 4) पाडले. तीन आणि चार बरोबर शोधले हो तिनं, बारा जुळतात, पण मधले उणे सात कुठून येणार ते पाहिलंच नाही. पुढच्या पानावरही तीच गंमत, रीत बरोबर अन् चिन्ह चुकलं. तिला गणित येत नाही असं समजू नका, तिचं ऋण संख्येचं घोडं अडलंय. म्हणून दहावीचं पुस्तक आठ दिवस बाजूला ठेवा आणि नववीचे अवयव, कंसाचे उणे-अधिक, समीकरणाची बाजू बदलणं एवढंच रोज वीस उदाहरणं करू द्या. हे नाही केलं तर वर्गसमीकरणात तिच्या मागं वर्षभर हेच लागणार.

दिवाळीच्या आत गणिताचे तेराही धडे आणि विज्ञान भाग एक, म्हणजे गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, भिंगे वगैरे, हातावेगळं करायचं. कारण हे बसून, वहीत, हातानं करायचे विषय आहेत. भौमितिक रचनेचा धडा तर ऑगस्टमध्येच, पोळ्याच्या आधी. तुम्ही म्हणाल रचनेची काय एवढी घाई? वेचणी करून आलेल्या पोरीची बोटं पाहा भाऊ. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी नखाच्या बाजूची कातडी सोललेली असते, त्या बोटांनी कंपासचं टोक धरून वर्तुळाला स्पर्शिका काढायला लावलं तर ती पेन्सिल फेकून देईल, अन् माझा तिलाच पाठिंबा राहील.

दिवाळीनंतर मग वाचायचे, ऐकायचे, बोलायचे विषय घ्या. विज्ञान भाग दोन, म्हणजे आनुवंशिकता, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीव. इतिहास-राज्यशास्त्र. मराठीच्या कविता. सकाळी वावरात जायच्या आधी तासभर धडा वाचायचा आणि वेचता वेचता तिनं आईला तो सांगायचा, आईला समजला तर पोरीला आला. गणित मात्र या दिवसांतही रोज अर्धा तास, नवीन काही नाही, फक्त जुन्या पेपरातली पाच उदाहरणं. गणिताला खाडा पडला की पंधरा दिवसांत हाताची सवय मोडते, हे मी चाळीस वर्षं पाहत आलोय.

मार्कांची एक गोष्ट समजून घ्या म्हणजे धीर येईल. गणिताचे दोन पेपर प्रत्येकी 40 चे अन् शाळेकडचे 20, मिळून 100 पैकी 35 ला पास. प्रत्येक पेपरात पहिले दोन प्रश्न मिळूनच 20 मार्कांचे असतात आणि ते सरळ असतात, सूत्र, चौकट पूर्ण करा, दोन पायऱ्यांची उदाहरणं. अवघड चौथा-पाचवा प्रश्न, ते दोन्ही मिळून 11 चे. सर नाहीत तोवर तिनं प्रत्येक धड्यातलं त्या पहिल्या वीसाचं पक्कं करावं, सर आले की अवघड त्यांच्याकडून.

मराठीत उपयोजित लेखनाला 80 पैकी 24 मार्क आहेत, पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, निबंध. दर रविवारी एक लिहून शाळेच्या बाईंना दाखवायचं. आपली पोरं "पाणी" ला "पानी" लिहितात, बोलताना काही बिघडत नाही पण कृतिपत्रिकेत मार्क जातात. इंग्रजीचं रोज एक पान मोठ्यानं वाचू द्या, समजो न समजो. हिंदीची काळजी करू नका, टीव्हीनं ते काम केलंय.

आणि भाऊ, जानेवारीत दुसऱ्या-तिसऱ्या वेच्याला तिला वावरात नेऊ नका. दोन-चार मण कमी निघालं तर निघालं.

प्रश्न: सर, नमस्कार. मी तासिका तत्त्वावर शिकवते, दहावीचं गणित आणि विज्ञान दोन्ही माझ्याकडंच आहे. मुख्याध्यापकांनी वार्षिक नियोजन मागितलंय, ते पुस्तकातल्या क्रमानंच करावं लागतं का? आणि बीजगणितातला अर्थनियोजन हा धडा मुलांना अजिबात आवडत नाही, तो मी दरवर्षी शेवटी ढकलते.
— एक शिक्षिका, वाशिम जिल्हा

उत्तर: ताई, ऑफिसात द्यायचं नियोजन पुस्तकाच्या क्रमानं द्या, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, पण तुमच्या वहीच्या मागच्या पानावर तुमचं स्वतःचं असू द्या. बीजगणित संपवून मग भूमिती असं करू नका, दोन्ही जोडीनं चालवा. रेषीय समीकरणाचा आलेख शिकवला की त्याच हप्त्यात निर्देशक भूमिती घ्या, आलेखाचा कागद निघालेलाच असतो. समरूपता, पायथागोरस, त्रिकोणमिती हे तिघं एका दमात. शाळेच्या मैदानावर दीड मीटरची काठी उभी करा, तिची सावली एक मीटर भरली आणि पाण्याच्या टाकीची आठ मीटर, तर टाकी बारा मीटर. हे एकदा पोरांनी स्वतः टेप धरून मोजलं की समरूपता पाठ करायला लागत नाही.

विज्ञानात आवर्ती वर्गीकरण हलकं घेऊ नका, रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे तिघंही त्याच्याच जिवावर उभे आहेत. अपवर्तन आणि भिंगे लागोपाठ, मध्ये दिवाळी येऊ द्यायची नाही.

आता अर्थनियोजन. तुम्ही शेअर्सपासून सुरू करत असाल म्हणून पोरं झोपतात. घरून कृषी केंद्राचं बिल आणायला सांगा. युरियाचं 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांचं, खतावर जीएसटी 5 टक्के. या किमतीत कर आधीच धरलेला आहे, मग मूळ किंमत किती? निम्मा वर्ग 266.50 चे 5 टक्के काढून वजा करणार, बघाच तुम्ही. 253.81 यायला पाहिजे आणि कर 12.69, कारण 266.50 ला 1.05 नं भागायचंय. एवढ्या एका बिलावर दोन तास जातात पण करपात्र किंमत, सीजीएसटी (केंद्राचा वाटा), एसजीएसटी (राज्याचा वाटा) सगळं बसून जाते. एक सांगून ठेवा, 22 सप्टेंबर 2025 पासून 12 आणि 28 टक्क्यांचे दर बहुतेक वस्तूंवरून गेले, पण पेपरातल्या उदाहरणात जो दर दिला असेल तोच घ्यायचा, दुकानदाराशी भांडायचं डोकं तिथं चालवायचं नाही.

प्रश्न: सर, मित्र म्हणते बेस्ट ऑफ फाइव्ह आहे तं समाजशास्त्र शेवटच्या महिन्यात वाचलं तरी चालते. खरं आहे का?
— दहावीचा विद्यार्थी, अकोला जिल्हा

उत्तर: बेटा, टक्के काढताना सहापैकी चांगले पाच विषय धरतात हे खरं, पण पास सहाही विषयांत व्हावं लागते. मित्राला हे अर्धंच कोणीतरी सांगितलं. आणि कोण जाणे, तुझे त्या पाचात येणारे मार्क समाजशास्त्राचेच निघतील, इतिहास-राज्यशास्त्र 40, भूगोल 40, शाळेकडचे 20, आणि गणितासारखं एका चिन्हावरून सगळं उदाहरण वाया जात नाही.

भूगोल तर तुमच्या घरचाच आहे. पहिला क्षेत्रभेटीचा धडा सोडला तर दहावीचं अख्खं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. तुझे बाबा सोयाबीन विकायला मार्केटमध्ये गेले की भाव पडला म्हणून चिडतात ना, तर जगात सगळ्यात जास्त सोयाबीन तोच ब्राझील पिकवतो, संत्रंही त्याचंच सगळ्यात जास्त. त्याचा बराचसा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून ऋतू उलटे, आपण ऑक्टोबरात सोंगणी करतो तेव्हा तिकडं पेरणी चालू असते. हवामान, व्यवसाय, स्थान-विस्तार हे तीन धडे एवढ्या एका गोष्टीवर समजतात. नकाशा भरायचा प्रश्न असतोच, तो शेवटच्या महिन्यात येत नाही. आजपासून रोज रात्री न पाहता ब्राझीलची आकृती काढ, आत ॲमेझॉन दाखव, ब्राझीलिया दाखव. पहिले आठ दिवस ती बटाट्यासारखी येईल, येऊ दे.