मॉरिशसमध्ये युती होते की आघाडी?

प्रश्न असा आला आहे : 'मॉरिशसच्या नोव्हेंबर २०२४ मधल्या निवडणुकीवर मराठीत लेख लिहितो आहे. तिथे जिंकलेल्या "आलियांस द्यु शांजमाँ"ला परिवर्तन युती म्हणावे की परिवर्तन आघाडी? आणि मतदारांचे मन पालटले हे सांगायला "लाट" चालेल का?'

माझे मत : युती म्हणा, आणि लाट शक्यतो टाळा.

आज महाराष्ट्रात या दोन शब्दांवर पक्षांचे शिक्के बसले आहेत. १९८९ पासून शिवसेना-भाजप म्हणजे युती, १९९९ पासून काँग्रेस-राष्ट्रवादी म्हणजे आघाडी. पुढे महायुती आणि महाविकास आघाडी या नावांनी ही वाटणी आणखी पक्की झाली. पण ती सवयीने पडलेली वाटणी आहे, अर्थाने नव्हे. तसे नसते तर भाजप मुंबईत युतीत आणि दिल्लीत राष्ट्रीय लोकशाही आघाडीत राहिला नसता. परदेशाबद्दल लिहिताना हे शिक्के बाजूला ठेवून शब्दांकडेच पाहिलेले बरे.

'युती' संस्कृत 'यु' म्हणजे जोडणे या धातूपासून आली आणि राजकारणाआधी ती पंचांगात नांदत होती. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांना चिकटल्यासारखे दिसले, ती गुरू-शनीची युती. दोघांच्या कक्षा वेगळ्या, काही दिवसांनी दोघे दूर जाणार हे ठरलेले. 'आघाडी' मात्र रणांगणातली. सैन्याचा पुढचा भाग तो आघाडी, मागचा तो पिछाडी. म्हणून आघाडी उघडतात, आघाडीवर लढतात. तिला समोर शत्रू लागतो. युतीला आधी जोडीदार लागतो, शत्रू कोण ते नंतर ठरले तरी चालते.

आता मॉरिशसकडे पाहा. तिथे मजूर पक्ष, एमएमएम (मुव्हमाँ मिलिताँ मॉरिसियाँ) आणि एमएसएम (मुव्हमाँ सोसियालिस्त मिलिताँ) हे तीन मोठे पक्ष, आणि गेल्या चाळीस वर्षांत यांपैकी प्रत्येक दोघांची जोडी कधी ना कधी जमली आहे. १९८२ साली एमएमएमने हरीश बुधू यांच्या पक्षाला बरोबर घेऊन मुख्य बेटावरच्या सगळ्या ६० जागा जिंकल्या. तेव्हाचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांच्या मजूर पक्षाला एकही मतदारसंघ मिळाला नाही, ते स्वतःही पडले. वर्ष व्हायच्या आत सरकार फुटले. पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांनी एमएसएम काढला आणि ऑगस्ट १९८३ मध्ये ते पुन्हा जिंकले, ते ज्या मजूर पक्षाला भुईसपाट केले होते त्यालाच जोडीला घेऊन. १९९१ मध्ये एमएसएम आणि एमएमएम एकत्र. १९९५ मध्ये मजूर पक्ष आणि एमएमएम एकत्र, पुन्हा ६०-०, आणि दोन वर्षांत पुन्हा काडीमोड. २००० साली परत एमएसएम-एमएमएम. यात कायमची फळी कुठेच नाही. आज समोर असलेला उद्या शेजारी असतो. आघाडी या शब्दातला पक्का मोर्चा इथे शोधून सापडत नाही, युतीतले येणे-जाणे मात्र पदोपदी दिसते.

दुसरे कारण म्हणजे तिथला करार. तो बहुतेक वेळा निवडणुकीआधी होतो आणि त्यात खुर्चीही ठरते. २००० साली ठरले होते की पहिली तीन वर्षे जगन्नाथ पंतप्रधान, उरलेला काळ एमएमएमचे नेते पॉल बेरेंजे. २००३ मध्ये जगन्नाथांनी खरोखर पद सोडले आणि बेरेंजे पंतप्रधान झाले, हिंदू नसलेले तिथले पहिले. २०१९ मधला 'अडीच-अडीच वर्षां'चा वाद पाहिलेल्या मराठी वाचकाला हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे, लेखात जरूर घ्या. अशा वाटाघाटींना तिथल्या क्रिओलमध्ये 'कोझ-कोझे' म्हणतात. त्यासाठी आपले 'बोलणी' पुरे. 'खलबते' म्हटले की कटाचा वास येतो.

लिहिणाऱ्याच्या सोयीचे कारणही आहे. निकालाच्या बातमीत 'आघाडी चाळीस जागांवर आघाडीवर' अशी वाक्ये होतात. युती म्हटले की तो गोंधळ टळतो.

आता लाट. मॉरिशसच्या मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून तीन आमदार, आणि मतदाराला तीन मते. लोक बहुधा तिन्ही मते एकाच बाजूला देतात, त्यामुळे थोडे पुढे असलेल्याला जागा भरभरून मिळतात. २०१९ मध्ये अनिरुद्ध यांचे पुत्र, एमएसएमचे प्रविंद जगन्नाथ यांच्या युतीला सुमारे ३७ टक्के मते होती, तरी ६२ पैकी (रॉड्रिग्ज बेटाच्या दोन धरून) ३८ जागा मिळाल्या, कारण विरोधक एकत्र नव्हते. २०२४ मध्ये परिवर्तन युतीने मुख्य बेटावरच्या सगळ्या ६० जागा घेतल्या, मते मात्र ६० टक्क्यांच्या थोडी वर. प्रविंद स्वतः पडले. 'लाट' लिहिले की वाचकाला वाटते, सगळा देशच एका बाजूला वाहून गेला. दहांतल्या जवळपास चौघांनी या युतीला मत दिलेले नाही, हे त्या शब्दाखाली बुडते.

त्याऐवजी आपल्याकडे दोन नेमके शब्द आहेत, फक्त ते एकमेकांत मिसळू देऊ नका. 'कल' म्हणजे झुकणे, ते निकालाआधीचे आणि बदलते. 'कौल' म्हणजे दिलेला निर्णय. कौल मूळचा अरबी, अर्थ शब्द किंवा वचन. कौलनाम्यात तोच आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, पाकळी कोणत्या बाजूने पडते ते पाहतात. १९६७ च्या गोव्यातल्या मतदानालाही 'जनमत कौल'च म्हणतात. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांत कोकणातले पुष्कळ होते, तेव्हा हा शब्द त्या बेटाला परका नाही.

परिवर्तन युतीचे नेते, म्हणजे मजूर पक्षाचे नवीन रामगुलाम (शिवसागर यांचे पुत्र) आणि बेरेंजे, यांची हीच जोडी २०१४ मध्येही एकत्र होती. तेव्हा दोन मोठे पक्ष एकवटले म्हणजे विजय नक्की असे धरले गेले, प्रत्यक्षात १३ जागा मिळाल्या आणि रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघातही हरले. २०२४ मध्ये तीच माणसे, काही छोटे पक्ष सोबत, आणि ६०-०. तेव्हा 'युती तीच, कौल उलटा' असे सरळ लिहिता येईल. मधल्या पाच-दहा वर्षांत लोकांचे मन कसे सरकत गेले ते सांगताना 'कल' वापरा.

पहिल्या उल्लेखात मूळ नाव देवनागरीत द्या, पुढे 'परिवर्तन युती' पुरे. निवडून आल्यावर बनले ते 'संमिश्र सरकार'; 'कडबोळे' नको, त्यात निंदा आहे. '६०-०' मात्र आकड्यांतच ठेवा. तिथे तो आकडाच शब्दासारखा बोलला जातो.