चाम शिवलिंगाचा ‘कोश’

व्हिएतनाममधील चंपा राज्याच्या मंदिरशिल्पांविषयी वाचताना ‘राजाने शिवलिंगास कोश अर्पण केला’ असे वाक्य आढळले. येथे कोश म्हणजे खजिना समजावा काय, असा प्रश्न आला आहे.

तसे समजू नये. संस्कृतात ‘कोश’ या शब्दाला खजिन्याप्रमाणेच आवरण किंवा म्यान असाही अर्थ आहे. रेशीमकिड्याचा कोश, वेदान्तातील अन्नमय कोश ही त्याच अर्थाची आपल्या रोजच्या वाचनातील रूपे होत. चंपा राज्यातील चाम लोकांच्या मंदिरात दगडी लिंगाच्या वरच्या गोल भागावर चढवायचे, देवाचे मुख घडवलेले सोन्याचे वा चांदीचे आवरण म्हणजे कोश. लिंगाचा तळचा चौकोनी भाग ब्रह्मदेवाचा, मधला अष्टकोनी भाग विष्णूचा आणि वरचा गोल भाग रुद्राचा मानला जाई. हे खालचे दोन भाग पीठात, म्हणजे लिंगाच्या बैठकीत, जात आणि कोश बसे तो वरच्या, पूजेच्या भागावर.

व्हिएतनाममधील ‘मी सन’ (Mỹ Sơn) या चाम मंदिरस्थळाच्या इ. स. ६८७ च्या संस्कृत शिलालेखात चंपाचा राजा प्रकाशधर्म याने ईशानेश्वराला कोश आणि भद्रेश्वराला मुकुट (दोन्ही शिवाचीच नावे) दिल्याची नोंद आहे. एकाच लेखात दोन्ही शब्द आल्यामुळे कोशाचे भाषांतर ‘मुकुट’ असे करणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते. मराठीत त्यासाठी ‘मुखवटा’ हा शब्द तयारच आहे. त्र्यंबकेश्वरी सोमवारी ज्योतिर्लिंगाचा पंचमुखी मुखवटा पालखीतून कुशावर्तावर नेतात, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना चाम कोशाची कल्पना निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र मुखलिंग, म्हणजे दगडातच मुख कोरलेले लिंग, आणि कोश यांची गल्लत होऊ देऊ नये. व्हिएतनाममधील फान रांग शहराजवळच्या पो क्लाँग गराय या चाम मंदिरातील लिंगावर मुख दगडातच कोरलेले आहे, ते काढता येत नाही, आणि चाम लोक आजही त्याची पूजा करतात. कोश मात्र चढवायचा आणि उतरवायचा. मौल्यवान धातूचे असल्याने बहुतेक कोश नाहीसे झाले आणि मागे उघडी लिंगे उरली, म्हणून संग्रहालयातील गुळगुळीत दगड पाहताना त्यावर एके काळी चेहरा होता, हे ध्यानात येत नाही.

लेखनाबद्दल एवढेच, की ‘कोश’ आणि ‘कोष’ ही दोन्ही रूपे संस्कृतात आहेत. मराठीत शब्दकोशात ‘श’ आणि कोषाध्यक्षात ‘ष’ रूढ असल्यामुळे आवरणाच्या या अर्थी ‘कोश’ लिहिणे मला सोयीचे वाटते.