न्यूरोमॉर्फिक संगणन आणि एआय सुरक्षा यांत संशोधक म्हणून करिअर करावे का?

मेंदूच्या धर्तीवरचे संगणन आणि एआयची सुरक्षा यांच्या सीमेवर संशोधनाला वाव आहे का आणि त्यासाठी पीएचडी लागतेच का, असे तुम्ही विचारले आहे. जाता जाता तुम्ही ‘स्पायकिंग नेटवर्क मुळातच सुरक्षित असल्यामुळे’ असेही लिहिले आहे (स्पायकिंग नेटवर्क म्हणजे मेंदूतल्या न्यूरॉनप्रमाणे क्षणिक स्पंदांतून, म्हणजे स्पाइकमधून, माहिती पुढे पाठवणारे नेटवर्क). त्या एका वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले, कारण त्याच समजुतीपायी माझ्या पीएचडीचे एक अख्खे वर्ष गेले.

दुसऱ्या वर्षी मी माझ्या स्पायकिंग नेटवर्कवर नेहमीचे हल्ले चालवले, म्हणजे चित्रांतले पिक्सेल किंचित बदलून त्याला फसवून पाहिले. साधे नेटवर्क कोसळले, माझे मात्र जागचे हलले नाही. मार्गदर्शक आनंदले आणि शोधनिबंधाचा मसुदाही तयार झाला. मला एक गोष्ट खटकत होती: पिक्सेल किती बदलू द्यायचे याची मर्यादा मी माणसालाही चित्र ओळखता येऊ नये इतकी वाढवली, तरी अचूकता तिथल्या तिथेच राहिली. असे होणे शक्य नाही. शेवटी एका रात्री हल्ल्यानंतरची चित्रे एकेक करून मूळ चित्रांशी ताडून पाहिली, तेव्हा बहुतेक चित्रांतला एकही पिक्सेल बदललेला नव्हता. ग्रेडियंट, म्हणजे कोणता पिक्सेल कुठल्या दिशेने बदलला तर नेटवर्क चुकेल हे हल्ल्याला सांगणारे आकडे, छापून पाहिले, तर ओळीच्या ओळी शून्यांनी भरलेल्या होत्या.

स्पाइक एकतर निघतो किंवा निघत नाही, त्यामुळे त्या पायरीचा उतार जवळजवळ सगळीकडे शून्य असतो, आणि म्हणूनच प्रशिक्षणात तिच्या जागी सरोगेट, म्हणजे बदली, ग्रेडियंटचा गुळगुळीत वक्र वापरावा लागतो. माझा वक्र इतका अरुंद होता की हल्ल्याला दिशाच सापडत नव्हती. तो रुंद करून तोच हल्ला पुन्हा चालवला आणि सकाळपर्यंत माझे नेटवर्क साध्या नेटवर्कच्या पंक्तीला येऊन बसले. हा सापळा नवा नव्हता. 2018 मध्ये आठल्ये, कार्लिनी आणि वॅग्नर या संशोधकांनी त्याच वर्षीच्या एका परिषदेतले 9 बचाव, म्हणजे अशा हल्ल्यांपासून नेटवर्क वाचवण्याच्या पद्धती, तपासले, तेव्हा त्यांतले 7 अशाच हरवलेल्या ग्रेडियंटच्या आधारावर उभे होते. त्यांपैकी 6 पूर्णपणे आणि 1 अंशतः मोडला. मी तो निबंध वाचलेला होता, पण तो स्वतःच्या नेटवर्कला लावून पाहिला नव्हता.

हल्लेखोराला आपला वक्र ठाऊक नसतो, तेव्हा मूळ निकालच छापावा, असे मार्गदर्शकांचे म्हणणे होते. मला ते आजही मान्य नाही. किल्ली सोडून बाकी सारे शत्रूला माहीत आहे असे धरूनच यंत्रणा रचावी, हे संकेतलिपीचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्ये सांगून ठेवले आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की आधी सुरक्षा शिकावी आणि न्यूरॉनकडे नंतर वळावे.

वाव मात्र खरोखर आहे, आणि तो हार्डवेअरच्या बाजूला अधिक आहे. आयबीएमच्या ट्रूनॉर्थ या न्यूरोमॉर्फिक चिपने 2014 मध्ये 10 लाख न्यूरॉन सुमारे 70 मिलिवॅटमध्ये चालवून दाखवले. ही काटकसर साधते ती स्पाइक असेल तेव्हाच काम होत असल्यामुळे. पण त्याच कारणाने विजेचा वापर आत आलेल्या माहितीनुसार बदलतो, आणि वीजवापराच्या आलेखावरून गुपिते काढता येतात हे कोचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्येच दाखवले आहे. मुद्दाम जास्त स्पाइक निघतील अशी माहिती पाठवून बॅटरीवरचे उपकरण थकवणे हाही हल्लाच ठरतो. या दोन्हींवर काम करणारी माणसे थोडी आहेत.

पीएचडी संशोधनाच्या पदांसाठी लागते. चाचणी आणि अभियांत्रिकीच्या कामाला ती नसली तरी चालते. पदे कमी आहेत आणि इंटेलच्या लोइहीसारखी न्यूरोमॉर्फिक चिप दुकानात मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय काही परिस्थितींत स्पायकिंग नेटवर्कची मजबुती खरीही असू शकते. ती ग्रेडियंट न वापरणारे हल्लेही करून सिद्ध करावी, एवढाच माझा आग्रह आहे. मार्गदर्शक निवडताना त्यांनी स्वतःचा निकाल स्वतःच मोडून पाहिल्याचे एक तरी उदाहरण विचारून घ्या.

रुंद वक्राच्या निकालांचा माझा निबंध पुढे छापून आला, आणि त्यावर मार्गदर्शकांचेही नाव आहे. हल्लेखोराला वक्र ठाऊक नसतो, हे वाक्य त्यांनी मसुद्यात तीनदा घातले आणि मी ते तीनदा खोडले.