वारशाने आलेली गंजलेली ३१५ बोअरची रायफल दुरुस्त करावी की विकावी? चांगला कारागीर कसा ओळखावा?

तुमच्या ओळखीच्या दुकानदाराने रायफलला बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, पुन्हा काळी करून ‘नव्यासारखी’ देण्याची तयारी दाखवली आहे, असे तुम्ही प्रश्नात लिहिले आहे. त्याच्याकडे ती देऊ नका, हे माझे निम्मे उत्तर. रायफल अशी नव्यासारखी करून घेण्याचा सल्ला आमचे थोरले चुलतबंधू मला वर्षानुवर्षे देत आले आहेत, म्हणून उरलेले निम्मे थोडे सविस्तर लिहितो.

आमची रायफल वडिलांची, ईशापूरच्या कारखान्यातली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर तिचे काम संपले आणि ती चामडी कव्हरात घालून माडीवर ठेवली गेली. आजरा तालुक्यातला पावसाळा ज्याने काढला आहे, त्याला पुढचे सांगायला नको. चामडे ओल धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेले क्षार लोखंड खातात. कव्हर उघडले तेव्हा वरची बाजू जवळजवळ शाबूत होती, पण खाली टेकलेल्या बाजूला नळीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. चुलतबंधूंनी ती शहरातल्या एका दुकानात दाखवली. तिथे बफच्या चाकावर खड्डे जातील आणि दस्त्याला फर्निचरचे चकचकीत पॉलिश करू, असे सांगण्यात आले. खड्डे जातात, हे खरे आहे; पण त्यांच्याबरोबर कडा गोल होतात, स्क्रूंच्या भोकांभोवती खळगे पडतात आणि नळीवरचा क्रमांक व चाचणीचे शिक्केही पुसट होतात. शस्त्राची ओळख पटवणारी खूण पुसणे हा शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ८ प्रमाणे गुन्हा आहे, आणि क्रमांक पुसलेली रायफल ज्याच्या ताब्यात सापडते, निस्तरायचे त्यालाच असते.

मी ती आमच्याकडच्या एका परवानाधारक वृद्ध मिस्त्रींकडे नेली. चुलतबंधू सोबत होते आणि ‘अगदी नव्यासारखी करून द्या’ असे त्यांनी दोनदा बजावले, तेव्हा मिस्त्री मान वर न करता म्हणाले, ‘नवी पाहिजे असली तर नवी घ्या की.’ बाहेरच्या गंजाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. आधी नळी स्वच्छ करून तिच्यातून प्रकाश पाहिला, मग तेल लावलेली मऊ शिशाची गोळी पितळी सळईने आतून हळूहळू सरकवली आणि ती कुठे अडते, कुठे सैल पडते, हे हाताने जोखले. नंतर बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, काढून त्याच्यावरचा क्रमांक रायफलीच्या अंगावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. ३१५ची घडण ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीची आहे. तिच्यात बोल्टचे पुढचे डोके वेगळे असते आणि ते त्या त्या रायफलीला जुळवून बसवलेले असते. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातला तर तो बंद होईल, पण काडतुसाच्या बुडामागे जागा जास्त राहून पितळी पुंगळी फाटू शकते. ज्याला हे तपासण्याचे गेज काय असते हे ठाऊक नाही, तो रंगारी आहे, बंदुकीचा कारागीर नव्हे.

काम कित्येक आठवडे चालले. तेल पिऊन काळा पडलेला दस्ता त्यांनी खडूच्या भुकटीचा लेप देऊन आणि ऊब दाखवून कोरडा केला. पोचे आलेल्या जागी ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवली, तशी वाफेने दबलेले लाकूड फुगून वर आले. शेवटी जवसाचे तेल हाताने चोळून जिरवले. नळी मात्र चाकावर गेली नाही. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, फक्त लांबीच्या दिशेने आणि क्रमांकाची जागा सोडून ती घासली. मग गंज आणणारे द्रावण पुसून ती दमट पेटीत ठेवायची, तांबूस गंज धरला की स्वच्छ पाण्यात उकळायची म्हणजे तो गंज काळा होतो, आणि वरची भुकटी बारीक तारेने झाडायची, असे पुन्हा पुन्हा केले. एखादे तेलकट बोट लागले तरी तिथे डाग पडतो. याच कामाची झटपट रीत म्हणजे उकळत्या कॉस्टिकच्या हौदात बुडवणे. साध्या रायफलीला ती चालते, पण दुनळी बंदुकीच्या नळ्या डाकाने, म्हणजे वितळवलेल्या मऊ धातूने, जोडलेल्या असतात आणि तो डाक कॉस्टिकमध्ये सुटतो.

तेव्हा कारागीर ओळखायचा तो त्याने आधी काय तपासले यावरून. त्याच्याकडून आलेल्या जुन्या कामातले स्क्रू पाहा. खाचा फाटलेल्या असतील तर उठून या. चांगला माणूस प्रत्येक खाचेच्या मापाने पेचकस घासून घेतो. खर्चाचा आकडा नळी आतून पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये, म्हणून मीही सांगत नाही.

आमच्या रायफलीचे बाहेरचे खोल खड्डे आजही दिसतात, आणि आत काडतुसाच्या घराच्या पुढे जे खड्डे असतात, ते कोणीच काढू शकत नाही. नेमबाज स्वप्निल कुसाळे यांच्या २०२४च्या ऑलिंपिक पदकानंतर घरातली रायफल बाहेर काढावीशी वाटेल, पण ५० मीटरच्या त्या स्पर्धेला बावीस बोअर लागते. तिथे ३१५ चालत नाही. रायफल दुरुस्तीला देताना परवान्याची प्रत सोबत ठेवा आणि क्रमांक लिहिलेली पावती घ्या. नळी बदलण्याची गोष्ट निघाली तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि त्यात वारशाचीही धरतात; तुमच्याकडे आधीच दोन असतील, तर तिन्हींतले एक द्यावेच लागेल.

विकायचीच असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, ते किमतीत परत येत नाहीत. एवढे एक चुलतबंधूंचे बरोबर आहे. मात्र मी ती विकायला दुरुस्त केली नव्हती, आणि हल्ली घरी पाहुणे आले की ती कपाटातून काढून दाखवा, असा आग्रह तेच धरतात.