घर बघायला जाताना

ताई, अपंग मुलासाठी आधारासह राहायची जागा, म्हणजे रोजच्या कामात मदतीला कर्मचारी असतील असं घर शोधताय, तर भिंतींचा रंग नंतर बघा. आधी तिथे राहणाऱ्यालाच विचारा: काय जेवायचं, कधी झोपायचं, हे कोण ठरवतं? उत्तर देण्याआधी त्यानं कर्मचाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर काय ते समजून जा. कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क आपल्या मुलांनाही आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारातलं 19 वं कलम तेच सांगतं.

कर्मचारी किती वेळा बदलतात, हे जरूर विचारा. माझ्या लेकीला बोलता येत नाही. पोट दुखलं की ती हात चावते. नव्या बाईंनी वहीत ‘हट्टीपणा’ असं लिहिलं, निघाली बद्धकोष्ठता. वागणं अचानक बदललं की आधी दुखणं शोधायचं, गोळी देऊन गप्प करायचं नाही. अशा खुणा लिहून द्या. गिळताना ठसका लागत असेल तर तेही.

घर आणि सेवा एकाच संस्थेकडे असेल, तर सेवा बदलल्यावर घरही सुटतं का, ते करारात नीट वाचा. आणि हो, एकदा न कळवता जा. शक्यतो रविवारी संध्याकाळी.