मॉडेल रेल्वेची इंजिनं जाहीर झाल्यावर वर्षानुवर्षं बाजारात का येत नाहीत?

कारण बहुतेक ब्रिटिश ब्रँडकडे स्वतःचा कारखानाच नाही. हॉर्नबी या ब्रिटिश ब्रँडने १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या मार्गेट गावातलं उत्पादन चीनला हलवलं. तिथले मोजके कारखाने अनेकांचं काम घेतात. एकाचं लांबलं की मागचे सगळे रखडतात. सांडा कान हा मोठा कारखाना बाखमन या दुसऱ्या मॉडेल रेल्वे ब्रँडच्या मालक कंपनीने, काडेरने, विकत घेतल्यावर तर कित्येकांना नवा पुरवठादार शोधावा लागला. शिवाय पोलादी साचे, पहिला नमुना, दुरुस्त्या, रंगकाम, मध्येच चिनी नववर्षाची सुट्टी.

हे सगळं समजू शकतो. पण साचाही तयार नसताना तारीख जाहीर करणं मला अजिबात पटत नाही. माणसं महिनोन्‌महिने पैसे बाजूला ठेवतात हो! रंगवलेला नमुना दिसेपर्यंत आगाऊ रक्कम भरू नका.